वजनदार चष्मा

माझे मामा चष्मेवाले. बाजारातल्या चौकात, कोपऱ्यावर त्यांचं दुकान आहे. बाहेर टांगलेला लाकडी चष्मा, आत काचेची तीन कपाटं, एक उंच खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर खाली खाली बारीक होत गेलेल्या अक्षरांचा तक्ता. त्या खुर्चीत बसवून लोकांचे नंबर काढायचं काम गेली बारा वर्षं मी करते. काचा घासायचं आणि फ्रेम वाकवून कानामागे नीट बसवायचं काम मामांचं. गिऱ्हाईक कितीही तिरसट असो, मामा त्याच्या कानामागे दोन बोटं घालून "इथे टोचतंय का?" म्हणून विचारायचे आणि ते गिऱ्हाईक वासरासारखं मान वाकवून उभं राहायचं. इतक्या मऊ हाताचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि या माणसाच्या कमरेला सव्वीस वर्षं भरलेलं रिव्हॉल्व्हर होतं.

झालं असं की, मी लहान असताना एकदा आमचं दुकान फोडलं गेलं. चोरांनी नेलं काय, तर बिनकाचेच्या चाळीस फ्रेमा आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. तक्ता कशाला नेला हे आजवर कुणाला कळलेलं नाही. पण मामांनी ती चोरी फार मनाला लावून घेतली. त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला, आठ महिने कचेरीत खेटे घातले आणि एके दिवशी रिव्हॉल्व्हर घेऊन घरी आले. मामीने ते लांबूनच पाहिलं.

"हे कमरेला लावून तुम्ही रस्त्याने जाणार असाल," ती म्हणाली, "तर मी तुमच्याबरोबर चालणार नाही. मी पुढे जाईन नाहीतर मागून येईन. कसं ते तुम्ही ठरवा."

मामा हळवे. त्यांनी त्यावर तोड काढली. आमच्या दुकानाला चष्मे ठेवायची चामड्याची घरं पुरवणारा एक कारागीर होता. त्याच्याकडून त्यांनी एक जाडजूड, पोटफुगं चष्म्याचं घर करून घेतलं. वर चापाचं बटण, मागे पट्टा अडकवायला फीत, आणि झाकणावर सोनेरी अक्षरांत आमच्या दुकानाचं नाव. रिव्हॉल्व्हर त्यात बरोबर बसलं. मामी शेजारून चालू लागली.

यातली गंमत अशी की, ते कुणाला दिसू नये असंही मामांना वाटायचं आणि ते सगळ्यांना माहीत असावं असंही वाटायचं. ओळखीच्या माणसांशी बोलताना त्यांचा हात आपोआप त्या घरावर जाऊन बसायचा. अनोळखी माणसं त्यांच्याकडे चष्मा पुसायचं फडकं मागायची. सोफ्यावर ते डावीकडे कलून बसत, कारण उजवीकडे टोचायचं. आमच्या घरातल्या सगळ्या समारंभांच्या फोटोंत मामा डावीकडे कललेले आहेत. जणू शेजारच्याच्या कानात काही सांगायला निघालेत. गोळी त्यांनी जन्मात दोनदा झाडली होती, विकत घेताना, मातीच्या ढिगाऱ्यावर. त्यानंतर दोन दिवस त्यांना ऐकू येत नव्हतं.

मागच्या वर्षी आमच्या इस्पितळात एक प्रकार घडला. रुग्णाला खाट मिळेना म्हणून एका नातेवाइकाने ड्यूटीवरच्या डॉक्टरसमोर सदऱ्याचं टोक वर केलं आणि कमरेचं पिस्तूल दाखवलं. बोलला काहीच नाही, नुसतं दाखवलं. खाट मिळाली. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टर कामावर आला नाही, तिसऱ्या दिवशी नर्सनी काम थांबवलं, आणि इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी गावातल्या लोकांची सभा बोलावली. विषय एकच: परवाना असलेल्या माणसाला इस्पितळात शस्त्र आणू द्यावं की नाही.

मामा तयारीनिशी गेले. चार कागद लिहून नेले होते. वीस मिनिटं बोलले. आवाज न चढवता बोलले, त्यामुळे लोकांनी ऐकूनही घेतलं. म्हणाले, "पाटी कोण वाचतं? कायदा पाळणारा वाचतो. गुंड पाटी वाचत नाही. म्हणजे पाटी लावून तुम्ही कुणाचं हत्यार काढून घेणार, तर सज्जनाचं." मग म्हणाले, "इस्पितळात माणसं हातघाईवर आलेली असतात. रडतात, भांडतात, अंगावर जातात. अशा ठिकाणी चार जबाबदार माणसांच्या कमरेला काही असलं, तर बाकीचे जरा जपून राहतील." टाळ्या पडल्या. मामांनी कागदांची घडी घातली आणि डावीकडे कलून खुर्चीत बसले.

मग पुरुषांच्या सर्जरी वॉर्डच्या सिस्टर उठल्या. ठेंगण्या, केस घट्ट बांधलेल्या, चाळिशीच्या बाई. त्यांनी कागद आणला नव्हता.

"आमच्याकडे आलेला माणूस कपडे उतरवतो," त्या म्हणाल्या. "मग तो झोपतो. उठल्यावर अर्धा दिवस त्याला आपण कुठे आहोत हे नीट कळत नाही. तोवर त्याचे दात, अंगठ्या, घड्याळ, कानातलं यंत्र आम्ही सांभाळतो. हे तेवढं आम्हाला सांभाळायला लावू नका." आणि त्या खाली बसल्या.

त्यांना टाळ्या पडल्या नाहीत, पण पंधरा दिवसांत इस्पितळाच्या फाटकावर पाटी लागली. शस्त्र आणण्यास सक्त मनाई. कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत जमा करून पावती आणावी. फाटकावर नवीन वॉचमन नेमला, त्याच्या हातात टिंवटिंव करणारी एक दांडी दिली. मामा आठवडाभर जेवताना त्या पाटीबद्दल बोलत होते. मामी त्यांना आणखी एक पोळी वाढायची.

दीड महिन्याने एका दुपारी, दुकानात एका बाईंच्या नाकावर फ्रेम बसवताना, मामा "इथे टोचतंय का?" म्हणाले आणि स्वतःच कंबर धरून खाली बसले.

मुतखडा. ते मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त इतकं कळलं की मामांचा चेहरा काचेच्या भुकटीसारखा पांढरा पडलाय. मी दुकानाचं शटर ओढलं, रिक्षा थांबवली.

"मामा, ते काढून गल्ल्यात ठेवू या," मी म्हटलं.

"नाही," मामा दात आवळून म्हणाले. "परवान्यात लिहिलंय. माझ्याच ताब्यात."

"मग चौकीवर थांबू या."

"चौकीवर थांबलो तर मी तिथेच मरेन. चल."

फाटकावर त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. नवीन वॉचमनने दांडी फिरवली, ती टिंवटिंवली. पण ती खुर्चीच्या लोखंडाजवळ नेली की टिंवटिंवायचीच. त्याने वाकून विचारलं, "कमरेला काय आहे?"

"चष्म्याचं घर," मामा म्हणाले.

वॉचमनने झाकणावरचं सोनेरी नाव वाचलं. आमच्या दुकानाचं नाव त्याला ठाऊक होतं, त्याच्या नाकावरचा चष्मा आमचाच होता. "जा," तो म्हणाला.

मी शेजारी उभी होते. मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसले. मामांच्या तोंडून मी त्याआधी खोटं ऐकलेलं नव्हतं, आणि हे तर खोटंही नव्हतं. ते चष्म्याचं घरच होतं. अशी मी माझ्या मनाची समजूत घातली.

वॉर्डात मामांना मधली खाट मिळाली. सिस्टर त्याच. त्यांनी मामांना ओळखलं की नाही हे चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांनी सुई टोचली, आणि वॉर्डबॉयला गाऊन आणायला सांगितलं. तो गाऊन म्हणजे पुढून शाळेचा एप्रन आणि मागून काहीच नाही. दोन नाड्या होत्या, त्यांतली एक तुटलेली. त्याला ना खिसा, ना पट्टा. मामांनी पडद्याआड पँट बदलताना ते घर काढून उशीखाली सरकवलं आणि त्यावर डोकं ठेवून डोळे मिटले. सुईचा अंमल चढत होता.

शेजारच्या खाटेवर मास्तर होते. भूगोलाचे मास्तर, निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली, पण निम्म्या गावाला त्यांनी नकाशे काढायला लावलेले असल्यामुळे त्यांच्याशी अजूनही सगळे उभं राहून बोलतात. चार दिवसांपूर्वी न्हाणीघरात घसरून त्यांचा खुबा मोडला होता. ऑपरेशन होऊन नवीन खुबा बसला होता. पडताना चष्म्याचाही चुराडा झाला होता आणि नवीन चष्मा आमच्याच दुकानात तयार होत होता. मास्तरांचा नंबर मायनस अकरा. ज्यांना याचा अर्थ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: चष्मा नसला की मास्तरांना डोळ्यांपासून चार बोटांवरचं तेवढं स्वच्छ दिसतं. त्यापलीकडे सगळं धुकं.

"कोण आलंय शेजारी?" मास्तरांनी धुक्याला विचारलं.

"मी, चष्मेवाला," मामा गुंगीत म्हणाले. "तुमचा चष्मा झालाय, मास्तर. उद्या सकाळी येतोय."

"वेळेवर येऊ द्या. चार दिवस झाले, मी सुनेला नर्स समजतोय आणि नर्सला सून. दोघी रागावल्यात."

ही झाली दुपार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांचा चष्मा घेऊन इस्पितळात निघाले. त्याच वेळी वॉर्डात काय चाललं होतं ते मामीने मला नंतर सांगितलं, कारण ती तिथेच स्टुलावर बसून होती.

मामांची सोनोग्राफी होती. त्यासाठी त्यांना लिटरभर पाणी प्यायला लावलं आणि खुर्चीवरून खाली नेलं. ते गेल्यावर आया चादरी बदलायला आली. तिने मामांची उशी उचलली, खाली चष्म्याचं घर सापडलं. टापटिपीची बाई. तिने ते दोन खाटांच्या मधल्या कपाटावर नीट ठेवलं, नाव वर करून. मामी त्या वेळी वॉर्डातल्याच कोपऱ्यातल्या नळावर पेला विसळत होती.

मास्तरांना पावलांची चाहूल लागली. "काय ठेवलंत?" त्यांनी विचारलं.

"चष्म्याचं घर आहे," आया म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

मास्तरांनी हात लांब केला, ते घर उचललं आणि डोळ्यांपाशी चार बोटांवर धरलं. सोनेरी अक्षरं वाचली. आमचं दुकान. चष्मा वेळेवर आला होता. ते खूश झाले आणि त्यांनी बटण उघडलं.

मी वॉर्डच्या दारात पोचले ती नेमकी तेव्हा. पहिल्यांदा मला वाटलं मास्तरांच्या हातात नळाची तोटी आहे. मग मला मूठ दिसली.

मास्तर रिव्हॉल्व्हर नाकावर बसवायचा प्रयत्न करत होते. बसेना. मग त्यांनी ते जवळजवळ डोळ्याला टेकवलं, नळी स्वतःकडे, आणि आत बघू लागले. "काच कुठे आहे?" ते स्वतःशीच म्हणाले. मग उलट करून नळी समोरच्या खाटेकडे केली. त्या खाटेवर पाय टांगलेला एक ट्रकवाला होता. तो जागा होता, आणि त्याने अंगावरची चादर अगदी सावकाश डोक्यावरून ओढून घेतली. मास्तरांचं बोट चापाभोवती फिरत होतं.

"याची दांडी उघडत नाहीये," ते मोठ्याने म्हणाले. "बिजागरी घट्ट आहे. जोर लावू का?"

"नको," असं वॉर्डात कुणीच म्हणालं नाही. 

याच वेळी माझ्या मागून चाकाच्या खुर्चीचा आवाज आला. मामांना खालून परत पाठवलं होतं. मशीनवाल्याचं म्हणणं पडलं की अजून मूत्राशय भरलेलं नाही, आणखी पाणी पिऊन या. मामांच्या हातात पाण्याची बाटली होती. त्यांनी समोरचं दृश्य पाहिलं आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले. गाऊन मागून उघडा. वॉर्डबॉय सभ्यपणे दुसरीकडे पाहू लागला. मामांनी एक पाऊल टाकलं आणि थांबले. त्यांना तिथल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहिती होती. मास्तरांना काय दिसतंय आणि काय दिसत नाही हे नंबरानिशी ठाऊक होतं, चाप किती हलका आहे तेही ठाऊक होतं. ओरडावं तर मास्तर दचकणार. धावावं तर चार पावलांचं अंतर. वर पोटात लिटरभर पाणी. मामांचा हात सवयीने कमरेवर गेला आणि तिथे नाडीचं टोक लागलं.

सिस्टर औषधांच्या गाडीपाशी होत्या. त्यांनी माझ्याकडे तळहात केला, म्हणजे जागची हलू नकोस. मग गाडीवरचा घेवड्याच्या दाण्यासारखा वाकडा स्टीलचा ट्रे उचलला आणि रोजच्या चालीने मास्तरांच्या खाटेपाशी गेल्या.

"काय मास्तर, आला का चष्मा?"

"आलाय, पण काहीतरी चुकलंय यात. काचा धुरकट आहेत. काही दिसत नाही."

"डाग असतील. द्या इकडे, पुसून आणते."

"मीच पुसतो की." मास्तरांनी चादरीचं टोक धरलं आणि नळीवर घासायला सुरुवात केली.

"चादरीने नको, मास्तर," सिस्टर म्हणाल्या. आवाजात कणभर फरक नव्हता. "चादर खरखरीत असते. काचेवर ओरखडे येतात."

मास्तर थांबले. हे त्यांना पटण्यासारखं होतं. तीस वर्षं मामा त्यांना हेच बजावत आले होते. सदऱ्याने पुसू नका, धोतराने पुसू नका, टॉवेलने तर नकोच. "बरोबर आहे," ते म्हणाले. "चष्मेवाले रागावतील."

"ट्रेमध्ये ठेवा. हळू. काच आहे."

मास्तरांनी रिव्हॉल्व्हर ट्रेमध्ये ठेवलं, बाळाला पाळण्यात ठेवावं तसं. सिस्टरनी वर कापसाची पट्टी टाकली, नळी भिंतीकडे राहील असा ट्रे वळवून धरला, दोन किल्ल्यांच्या औषधाच्या कपाटात ठेवला, दोन्ही कुलुपं लावली. मग माझ्याकडे येऊन माझ्या हातातला खरा चष्मा घेतला, तो मास्तरांच्या नाकावर चढवला आणि म्हणाल्या, "आता?"

मास्तरांनी सगळीकडे पाहिलं. "आता सगळं दिसतंय," ते म्हणाले. "चष्मेवाले असे उघडे का उभे आहेत?"

त्यानंतर सिस्टर आपल्या टेबलापाशी जाऊन बसल्या आणि आयाकडे पाणी मागितलं. पेला दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो एका दमात संपवला. मामीने मामांना खाटेवर बसवलं, आणि गाऊनची उरलेली नाडी दुहेरी गाठ मारून बांधली. 

तासाभराने सिस्टर मामांकडे आल्या. मामा काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी बोलू दिलं नाही. "काका, आधी सोनोग्राफीला जा," त्या म्हणाल्या. "एव्हाना भरलं असेल."

भरलं होतं.

दुपारी पोलीस आले. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत इन्स्पेक्टरने रिव्हॉल्व्हर उघडलं, काडतुसं काढून टेबलावर ओळीने मांडली आणि मामांचा जबाब घेतला. मामांनी काहीही लपवलं नाही. वॉचमनचा दोष नाही, असं दोनदा लिहून घ्यायला लावलं. इन्स्पेक्टरचाही चष्मा आमचाच. तो लिहिताना मध्येच थांबून म्हणाला, "सभेत तुम्ही छान बोलला होतात." त्याने ते सहज म्हटलं होतं, पण मामांची मान खाली गेली ती घरी येईपर्यंत वर झाली नाही. परवाना स्थगित झाला, नोटीस आली. खडा तिसऱ्या दिवशी आपणहून पडला.

मास्तरांना यातलं काही सांगायचं नाही, असं डॉक्टरांनी ठरवलं, कारण त्यांचा रक्तदाब. वाटलं, मिटलं सगळं. पण पुढच्याच आठवड्यात इस्पितळात मास्तरांचं पत्र आलं. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. त्यात लिहिलं होतं की आपल्याला दुकानातून आलेला चष्मा भरीव धातूचा, वजनदार आणि उत्तम प्रतीचा होता. वॉर्डातल्या सिस्टरनी तो पुसायच्या निमित्ताने नेला आणि बदल्यात हलक्या प्रतीचा प्लास्टिकचा चष्मा आणून दिला. एका शिक्षकाची अशी फसवणूक होऊ नये, म्हणून चौकशी व्हावी.

मोठ्या डॉक्टरांनी पत्र वाचून फाईलमध्ये ठेवायला सांगितलं. पण फाईलमध्ये गेलेला कागद तिथे गप्प बसत नाही. चार दिवसांनी कुठल्याशा कारकुनाने सिस्टरना खुलासा मागणारं पत्र धाडलं. बदललेल्या चष्म्याबाबत तीन दिवसांत लेखी उत्तर द्यावे. हे मला आयाने दुकानात येऊन सांगितलं. मामा चाकावर काच घासत होते. चाक थांबलं.

"सिस्टरनी चष्मा बदलला?" मामा म्हणाले. "असं लिहिलंय?"

"असंच."

मामांनी हात धुतले, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल."

मास्तर घरी अंगणात वॉकर धरून येरझारा घालत होते. नाकावर आमचा चष्मा, हलक्या प्रतीचा. आम्हाला पाहून त्यांनी बसायची खूण केली, पण मामा बसले नाहीत. शाळेत उभं करतात तसे उभे राहिले.

"मास्तर, सिस्टरनी चष्मा बदलला नाही," ते म्हणाले. "तुमच्या हातात होता तो चष्माच नव्हता."

"मग काय होतं?"

"माझं रिव्हॉल्व्हर होतं."

मास्तर वॉकर धरून तसेच थांबले. मला त्यांच्या रक्तदाबाची काळजी वाटली. एका बोटाने चष्मा वर सरकवून ते म्हणाले, "म्हणून नाकावर बसत नव्हतं होय."

"हो."

"भरलेलं होतं?"

"हो."

"किती?"

"पाच गोळ्या."

"सहाची जागा असते ना त्यात?"

"एक रिकामी ठेवतात. सुरक्षिततेसाठी."

"सुरक्षिततेसाठी," मास्तर म्हणाले. त्यांनी तो शब्द असा उच्चारला, जणू एखाद्या विद्यार्थ्याने नकाशात समुद्र डोंगरावर काढलाय. मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि तीन कप चहा सांगितला. तो होईपर्यंत त्यांनी मामांकडून सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. कोण कुठे उभं होतं, नळी कुणाकडे होती, समोरच्या ट्रकवाल्याचं पुढे काय झालं. शेवटी कागद मागवून इस्पितळाला दुसरं पत्र लिहिलं. पहिली तक्रार मागे घेतो, सिस्टरांची क्षमा मागतो, चूक माझ्या दृष्टीची. खाली मामांनाही सही करायला लावली. मामांनी सहीच्या वर स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: आणि माझ्या अकलेची.

गावात बातमी पसरायची ती पसरलीच. कुणी म्हणे गोळी सुटली आणि छताला भोक पडलं. कुणी म्हणे सिस्टरनी मास्तरांच्या हातावर झडप घातली. परगावच्या एका नव्या गिऱ्हाइकाने तर मामांनाच सांगितलं की तो चष्मेवाला बेशुद्ध पडला होता. मामांनी त्याला शांतपणे सांगितलं, "बेशुद्ध नाही पडला. उभा होता. तेवढं मी खात्रीने सांगू शकतो." आणि त्याच्या कानामागे बोटं घातली.

परवान्याच्या सुनावणीला मामा गेले. अधिकारी म्हणाला, वर्षभराने पुन्हा अर्ज करता येईल. मामा म्हणाले, नको. अधिकाऱ्याने कारण विचारलं. मामा म्हणजे वीस मिनिटं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी नुसतं म्हणाले, "नको म्हणजे नको, साहेब." घरी आल्यावर मामीने विचारलं काय झालं. त्यांनी सांगितलं. मामीने हातातलं काम ठेवलं आणि म्हणाली, "आता त्या सोफ्यावर जरा सरळ बसा. कापड एका बाजूने झिजलंय."

पाटीबद्दल मामा पुन्हा बोलले नाहीत असं नाही. दुकानात कुणी विषय काढला, की गुंड पाटी वाचत नाही ना, असं लोक त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवतात. मामा म्हणतात, "नाही वाचत. पण वॉर्डात गुंड नव्हता हो. मास्तर होते, मी होतो." एवढं म्हणून ते काच घासायला घेतात.

हिवाळ्यात सिस्टर दुकानात आल्या. इंजेक्शनच्या बाटलीवरची बारीक अक्षरं हल्ली दिसत नाहीत, म्हणाल्या. मामा आतल्या खोलीत गेले ते बाहेरच आले नाहीत. मी सिस्टरना उंच खुर्चीत बसवलं, काचा बदलत गेले. मध्येच मला राहवलं नाही.

"सिस्टर, त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की."

"मग इतक्या शांतपणे कशा बोललात?"

त्यांनी हातात धरून वाचायच्या छोट्या तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ वाचून दाखवली, एक अक्षर चुकलं, पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "मास्तर डाव्या कुशीवर वळायला लागले होते. खुबा नवीन होता, निसटला असता. मला सगळा वेळ तेच दिसत होतं."

नंबर सव्वाचा निघाला, दोन्ही डोळ्यांना सारखा. मी तो चिठ्ठीवर लिहून आत नेला. मामा चाकापाशी काच निवडत बसले होते. त्यांनी चिठ्ठी घेतली, दिव्यासमोर धरून तीन काचा पाहिल्या, तिन्ही परत ठेवल्या आणि चौथी उचलली.